रुंद सीट

डॉक्टर लाझिच,

तपासणीच्या दिवशी सकाळी मी अंगणात लाल मिरच्या भाजत होते आणि माझा नवरा, रादिवोय, गाडीतून पोती उतरवत होता. ओझं खांद्यावर आणि तोंडाने शीळ चालूच.

दुपारी तुम्ही त्याला मास्क लावून तुमच्या तपासणीच्या सायकलवर बसवलंत. पोटाच्या ऑपरेशनआधी त्याचं हृदय आणि फुफ्फुसं किती ताण सोसतात ते मोजायचं होतं. पायडल मारायला लागतो न लागतो तोच थोराड अंगाचा तो अरुंद सीटवरून घसरला.

"काका, सायकल मोडाल," तुम्ही हसलात.

"मी खोगिरं शिवतो, डॉक्टर. घोड्यालासुद्धा मापाचं लागतं. रुंद सीट करून आणतो, मग मोजा."

तुम्ही मोजलंच नाहीत. 'दम अपुरा' असं लिहून ऑपरेशन नाकारलंत. त्याने सीट शिवली, पुन्हा पुन्हा फोन केले. "बघू," एवढंच तुम्ही म्हणत राहिलात. वसंतात तो झोपेतच गेला.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही तेही हसून बाजूला ठेवाल.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या थडग्यावर वाईन ओतली. दुसऱ्या दिवशी तुमच्या दवाखान्यात आले. तुम्ही जेवायला गेला होतात. मी तुमच्या सायकलची सीट काढली आणि त्याने शिवलेली घट्ट बसवली.

देसांका, रादिवोयची बायको