राजी असेल तर

आई, रविवारी मला एक निकाल द्यायचाय. तू हसशील. आम्ही काही जण आपल्या पनवेलच्या घरी जमून फाशांचा एक खेळ खेळतो. मी गोष्ट सांगते, बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन वागतात. मंत्र, राक्षस, सगळं असतं. नियमात शंका निघाली की शेवटचा शब्द माझा. गेल्या रविवारी एका पात्राने बाकीच्यांना वाचवायला स्वतःच्याच पायाखालचा पूल पाडला आणि त्यात ते मेलं. मेलेल्याला उठवायचा मंत्र आमच्याकडे आहे. पण पुस्तकात लिहिलंय, तो परत यायला राजी असेल तरच.

हे पात्र कित्येक वर्षं खेळणारी मुलगी मूळ उरणकडची, द्रोणागिरीला गोदामात कामाला आहे. ती रडायलाच लागली. "माझा गडी हाय तो. त्याला यायचं हाय का नाय, मी सांगीन!" खारघरचा आमचा प्राध्यापक ऐकेना. "अगं, तो आपणहून मेला ना? मग राजी कसा? उद्या कुणीही मरेल आणि उठेल, गेमची मजाच जाईल." त्याचंही खोटं नाही. दोघं चहा न पिता उठले. मी काहीही सांगितलं तरी त्यांतलं एक जण परत यायचं नाही, याची मला धास्ती आहे.

अशा वेळी मला तू स्वयंपाकघरात दिसतेस. एकादशीची सकाळ, फोन वाजतोय, पलीकडून कुणीतरी विचारतंय, उपासाला कोथिंबीर चालते का हो? तू फोन खांद्याशी धरून भगर ढवळतेस आणि आधी विचारतेस, "तुमच्याकडे काय करतात?" निकाल त्यानंतर. शेजारच्या काकांना डायबिटीस होता, त्यांना म्हणालीस, "दोन पोळ्या खा आणि गोळी घ्या. देवाने विचारलं तर माझं नाव सांगा." त्याच दिवशी मी चिवड्याच्या डब्यात हात घातला तर वस्सकन अंगावर आलीस. काकांना चालतं, मग मला का नाही? "त्यांना चक्कर येते. तुला नुसती पळवाट पाहिजे." किती चिडले होते मी! पण आपलं चुकलं तर, अशी भीती तुला कधी वाटली नाही का गं?

तुझ्या रीतीने बघितलं तर त्या मुलीला पळवाट नकोय. तरी मी त्या एका अटीपाशी अडते. मेलेल्याला विचारायचं कुणी? शेवटच्या आजारात तू माझ्या हातातला चमचा बाजूला सारलास. "पुरे आता. दमले गं." मंत्र मला येत असता तर मी दहादा म्हटला असता आणि तू आली नसतीस. हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अजून राग येतो.

रविवारी मी त्या पात्राला उठवणार आहे. त्या दोघांना नियमातलं काहीतरी कारण देईन. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुला खरं सांगते. हाक मारल्यावर कुणीतरी परत येतं, एवढं मला एकदा बघायचंय.