ज्यांनी माझा एप्रन ओढला त्यांची वाटणी

मी, श्रीमती महानंदा भ्र. सिद्धेश्वर मेनकुदळे, वय अडुसष्ट, राहणार निलंगा, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर सांगितलेले खूप ऐकून झाल्यावर, लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील संगमेश्वर म्हणाले, "काकू, दाखल्याची एवढी गरज न्हाई." माझ्या बाबतीत आहे. का, ते पुढे येईल.

कलम एक. मला आपल्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मातीत ठेवावे. आगीशी माझा संबंध एकदा आला, तेवढा पुरे. दीर बसवराज यांनी खांदा देऊ नये.

कलम दोन. राहते घर माझ्या पतीने स्वकमाईतून बांधले आणि बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. वडिलोपार्जित नाही, तेव्हा बसवराज यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत. हे घर मी बसवराज यांची सून तनुजा हिला देते. तिचा नवरा मृत्युंजय याला नाही, एकट्या तनुजाला. मृत्युंजय वाईट नाही, पण बापापुढे त्याची जीभ उचलत नाही. असा एक नवरा मी जन्मभर पाहिला.

कलम तीन. बसवराज यांच्याविषयी. हे कलम लांबेल.

किल्लारीच्या भूकंपानंतरचा तिसरा उन्हाळा होता. आमचे कापडाचे दुकान दोघे भाऊ चालवायचे. दुकानात न खपलेल्या नायलॉनच्या साड्या घरच्या बायकांच्या अंगावर यायच्या. स्टोव्हपुढे ती साडी म्हणजे जिवाला घोर. म्हणून मी एप्रनसाठी जाड सुती कापड मागितले. बसवराज गिऱ्हाइकांपुढे हसले. "वैनी, हाटेल काढायलाव का?"

मी जुन्या चादरीचा एप्रन शिवला. नणंदेच्या साखरपुड्याला तो घालून पुऱ्या तळत होते. पाहुणे ओसरीवर टेकले तसे बसवराज आत आले.

"पाहुण्यांपुढं आचारी दिसायलाव. काढा ते."

"एवढा घाणा उतरू द्या," मी म्हणाले.

त्यांनी मागून गाठ ओढली आणि एप्रन घेऊन गेले. मी पुऱ्या उलटायला वाकले आणि पदर स्टोव्हवर गेला.

मान, डावा खांदा, छाती. लातूरच्या दवाखान्यात तोंडापर्यंत पट्ट्या होत्या, कान मात्र उघडे होते. बसवराज पोलीस जमादाराला सांगत होते, "वैनीचं डोकं ठिकाणावर न्हाई. सोताच ओतून घेतलं." घरात बाई जळाली की घरच्यांवर केस होते, एवढ्यासाठी. माझे पती खाटेजवळ उभे होते. ते खाली बघत राहिले.

घरी परतले ती वेडी म्हणून. मला बघून गल्लीतल्या बायका लेकरे आत घ्यायच्या. काडीपेटी माझ्या हाती लागू द्यायची नाही, असा बसवराज यांचा हुकूम होता. सैपाक मात्र मीच करायचा. त्यांची बायको मंजुषा येऊन स्टोव्ह पेटवून द्यायची आणि काडीपेटी घेऊन जायची. पतीने पुढे घर माझ्या नावे केले, पण "तू वेडी नाहीस" एवढे तीन शब्द चारचौघांत त्यांना मरेपर्यंत जमले नाहीत.

म्हणून बसवराज यांना वरची खोली हयातभर राहायला मिळेल, ती पुढील अटींवर. माझे दिवस घालतील त्या आराधनेच्या दिवशी, पंगत बसण्याआधी, त्यांनी उभे राहून मोठ्याने सांगावे की वैनीने काही ओतून घेतले नव्हते, मी खोटे बोललो. तसे न केल्यास दुसऱ्या दिवशी खोली खाली करावी. सांगितल्यास राहावे, परंतु स्वतःचा सैपाक स्वतः करावा, एप्रन घालून. काडीपेटी तनुजाकडे राहील.

कलम चार. माझी शिलाई मशीन आणि सगळे एप्रन तनुजाला. लग्न होऊन आल्यावर तिने मोबाइलवरून एक चकचकीत एप्रन मागवला होता. "थोरल्या आत्या, तेलाचा डाग पडत न्हाई याला," म्हणाली. मी त्याचा कोपरा गॅसजवळ धरला. तो आकसून काळा पडला. तिने तो त्याच दिवशी टाकला.

बाई, एप्रन निवडताना फुलेपाने बघू नकोस. कापड सुती आणि जाड घे, घाम पिणारे. गळ्यात अडकवायचा पट्टा नको. माझ्या मानेवरच्या डागाला तो काचायचा, आणि भाकऱ्या थापून होईस्तोवर कोणाचीही मान भरून येते. पट्टे खांद्यांवरून पाठीत फुली करून आणावेत, भार वाटला जातो. लांबी गुडघ्याखाली. गाठ पुढे, पोटावर, एका ओढीत सुटणारी. मागे कधीही बांधू नकोस. तुझ्या एप्रनची गाठ फक्त तुझ्या हाताला लागली पाहिजे.

कलम पाच. मंजुषा हिला काही नाही. भांडे नाही, लुगडे नाही. ती साखरपुड्याच्या दिवशी माझ्या शेजारी पोळपाटावर होती.

हे सगळे घरात कळले तेव्हा बसवराज माझ्या खोलीत आले. दार लोटले.

"या वयात मला घराबाहेर काढणार, वैनी? चुकलं माझं. बास?"

"दार उघडा आणि म्हणा."

त्यांनी दार उघडले, आणि तसेच निघून गेले. कलम तीन कायम आहे.

ठिकाण : निलंगा. दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार : महानंदा सिद्धेश्वर मेनकुदळे (सही)

साक्षीदार १ : शिवप्रसाद बिराजदार, शेजारी (सही)

साक्षीदार २ : या जागी वकिलांच्या कारकुनाची सही व्हायची होती. मंजुषा बोलावणे नसताना आली. "कुठं करू सही?" म्हणाली. वकिलांनी तिला कलम पाच वाचून दाखवले. "आयकलं," म्हणाली, आणि सहीच्या वर एक ओळ लिहू द्या म्हणून अडून बसली. वकील नको म्हणत होते. मी हो म्हणाले. ओळ तिच्याच अक्षरात आहे :

पदर पेटला तवा मी तितंच होते. समदं बगितलं. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. आता कोर्टात बोलवा.
मंजुषा बसवराज मेनकुदळे (सही)

ओळ वाचली. कलम पाच बदललेले नाही. महानंदा.