रविवारीही गाई दूध देतात

पासो दे लोस तोरोस,
३ जून १९९६

चि. नेरेइदा हिस, एलेउतेरिओ आजोबाचे अ. आ.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. अवजड गाडीचं लायसन मिळालं हे वाचून आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. तुझी आई असती तर म्हणाली असती, की पोरीच्या डोक्यात हे खूळ तुम्हीच भरवलंत. मी काही भरवलं नाही. लहानपणी मांडीवर घेऊन तुला स्टिअरिंग धरू दिलं, एवढंच.

तू लिहितेस की तुझी लेक लुहान चारच वर्षांची आहे, म्हणून संध्याकाळी घरी परतता येईल असंच काम हवं. आणि फोन केला की सगळे अनुभव विचारतात नि फोन ठेवतात. मग फोन करूच नकोस. फोनवर माणूस दिसत नाही. तुमच्या सान होसेच्या दूध कारखान्यात स्वतः जा. सोमवारी नको, सोमवारी सगळ्यांचं डोकं फिरलेलं असतं. कचेरीतही नको, तिथली बाई तुझा कागद फायलीत पुरेल. मुकादमाला गाठ. टँकर सुटण्याआधी ड्रायव्हर आवारात कोंडाळं करून एकाच तुंब्यातून माते, तो आपला कडू पाल्याचा चहा, पितात. तिथे जाऊन उभी राहा. मातेचा तुंबा फिरत फिरत तुझ्या हातात येईपर्यंत कामाचं अक्षर काढू नकोस. तुंबा हातात आला की माणूस आपल्यातला झाला, मग बोल. आम्हा ड्रायव्हरांत असंच होतं.

हिवाळा लागलाय, नदीवर सध्या दुपारपर्यंत धुकं असतं. ओसरीवर डोळा लागला की त्यातून गाड्या जाताना दिसतात, एकामागून एक, आवाज म्हणून नाही. स्वेटर घालून जा. लायसनची नक्कल दोन ठिकाणी ठेव.

म्हाताऱ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
एलेउतेरिओ

सान होसे,
१२ जून १९९६

ती. आजोबांस, नेरेइदाचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि तीन दिवस थंडीत उभी राहिले. तुंबा सगळ्यांकडे जायचा आणि माझ्यापाशी आला की वळसा घालून पुढे सरकायचा. तिसऱ्या दिवशी मुकादम यामांदू ओलिवेरा यांनी विचारलं, की बाई, तुमचा नवरा कुठल्या गाडीवर आहे, डबा द्यायचाय का. सगळं कोंडाळं खो खो हसलं. मीही हसले, मग संतापले, आणि तुंब्याची वाट न बघता सांगून टाकलं की मला गाडी चालवायचीय, लायसन महिन्याभराचं आहे आणि अनुभव शून्य.

यामांदू वाईट नाहीत. म्हणाले, की आसपासच्या गोठ्यांवरच्या फेऱ्या जुन्या लोकांच्या, दोन वर्षं घासल्याशिवाय त्या कुणालाच मिळत नाहीत. पण त्यांचे मेव्हणे ब्राझीलच्या हद्दीपर्यंत माल नेतात, ते नवीन माणूस उद्यासुद्धा घेतील. घरी यायला मिळणार महिन्यातून चार दिवस. महिनाअखेरीस सांगायचंय. आजोबा, हो म्हणू का? दुसरं काही दिसत नाही.

लुहान तुम्हाला पापा पाठवते. तब्येत जपा, आणि या पोरीला विसरू नका.

तुमची,
नेरेइदा

पासो दे लोस तोरोस,
१८ जून १९९६

चि. नेरेइदा हिस अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचं पुचेरोचं कालवण करपलं. तुंब्याची चूक माझी. आमच्या कोंडाळ्यात बाई कधी उभीच राहिली नव्हती, तर तिच्यापाशी तुंबा थांबेल की नाही हे मला कसं ठाऊक असणार! तरी मला आधी सुचायला हवं होतं. तुला सर्दी झाली नाही ना?

हो म्हणू नकोस. मीही सहा महिने म्हणून ब्राझीलची वाट धरली होती, तिच्यावर तीस वर्षं गेली. दर फेरीला तुझ्या आईसाठी बूट आणायचो, मागच्या खेपेला पाहिलेल्या पायाच्या मापाचे. एकही जोड तिला कधी झाला नाही. पुढे तिने ते सगळे शेजारच्या पोरींना वाटून टाकले आणि मला हसत सांगितलं, की बाबा, तुमचे बूट नेहमी एक वर्ष उशिरा येतात. ती हसली म्हणून मीही हसलो. आता तुला लिहिताना हसू येत नाही.

काल दुपारी अर्धवट झोपेत नदीपलीकडे गाई चरताना दिसत होत्या, आणि सुचलं. गाईंना रविवार नसतो, ड्रायव्हरांना असतो. मुकादमाकडे फेरी मागूच नकोस. ड्रायव्हरांना विचार, की रविवार कुणाला हवाय. कुणाचा फुटबॉल असेल, कुणाची सासू, कुणाला निखाऱ्यावर मांस भाजायचं असेल. आधी फुकट शेजारी बसून जा, कुठल्या गोठ्याशी गाडी उलटी घ्यावी लागते, कुठला कुत्रा चाकात घुसतो ते बघ. मुकादमाशी मग तेच भांडतील.

उत्तर लवकर धाड. मला धीर धरता येत नाही हे तुला माहीत आहे.

तुझा आजोबा,
एलेउतेरिओ

सान होसे,
९ जुलै १९९६

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

यामांदूंच्या मेव्हण्यांना नाही म्हणून कळवलं. बाल्तासार नावाचे एक जाडे ड्रायव्हर आहेत, सोळा वर्षांत रविवारी घरी जेवलेले नाहीत. मी विचारल्यावर त्यांनी टोपीच काढली. दोन आठवडे त्यांच्या शेजारी बसले. दूध हुंगून बघायला, नमुन्याची बाटली भरायला शिकले. मग ते यामांदूंच्या मागे लागले, की पोरीला घ्या, नाहीतर माझी बायको इथे येऊन बसेल.

परवा यामांदूंनी परीक्षा घेतली. चढावरून गोठ्यापर्यंत टँकर उलटा न्यायचा होता. धुकं इतकं, की गाईंची फक्त डोकी दिसत होती, जशा काही गळ्यापर्यंत दुधात उभ्या. मी दोनदा गाडी थांबवली, उतरून मागे बघून आले. वाटलं, गेलं काम. यामांदू म्हणाले, की न उतरणाऱ्यांनी आजवर माझी सात फाटकं मोडलीत, तू उतरत जा. दर रविवारी आणि सणाला बाल्तासारची गाडी माझी. सप्टेंबरात गाई व्याल्या, दूध वाढलं, की स्वतःची फेरी.

पण आजोबा, लुहानला सांभाळणाऱ्या ओफेलियाबाई रविवारी लेकीकडे जातात. सगळीकडे विचारून झालं. एकवीस तारखेपासून कामावर जायचंय, आणि पोरीला एकटी ठेवून मी जाणार नाही. तोवर कुणी मिळालं नाही तर यामांदूंना नाही सांगावं लागेल.

आशीर्वाद असू द्या, आज जरा जास्त.

तुमची,
नेरेइदा

पासो दे लोस तोरोस,
१३ जुलै १९९६

चि. नेरेइदा हिस अ. आ.

नाही सांगू नकोस. मी येतो. वीस तारखेची, शनिवारची सकाळची बस आहे, तिकीट काढलं. कोंबड्या शेजारी बघतील. यापुढे दर शनिवारी येईन, आणि थंडीत गुडघे कुरकुरले तर तिथेच राहीन, तुला चालत असेल तर.

मला मूल सांभाळायची सवय नाही. तेव्हा ती किती वाजता उठते, दुधात साखर किती, रडली तर उचलायची की जरा रडू द्यायची, केस कोण विंचरतं, सगळं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लाव. माझ्या हातून वेणी होणार नाही, प्रयत्न करीन. तू निघालीस की तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसेन. बाप्तिस्म्याला पाहिलं तेवढंच तिने मला पाहिलंय. डोळे उघडल्यावर समोर परका म्हातारा बघून घाबरली तर? म्हणून आदल्या दिवशीच तिला माझ्यापाशी आण आणि सांग, की हा तुझा पणजोबा, आणि रविवारी हा घरीच असतो.

बाकी भेटीत. लोभाचं आता तिथे येऊनच बघतो.

तुझा आजोबा,
एलेउतेरिओ