दोघांपुरतं पोर्क

तीर्थरूप बाबांना भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. काम बरं चाललंय, जेवतेही वेळेवर.

मी इथे करते ते चायनीज पोर्क कसं करायचं, असं तुम्ही विचारलंत. ज्यांच्या हातून साधा चहा उतू जातो, ते बाबा कढईपाशी! खोलीतली मैत्रीण खूप हसली. मला काही हसू येईना. तेव्हापासून नुसती येरझारा घालतेय.

तर ऐका. पाव किलो पोर्क पातळ कापा, त्याला सोया सॉस आणि चमचाभर कॉर्नफ्लोर चोळा. आलं, लसूण, कांदा, सिमला मिरची आधीच चिरून ठेवा. कढई तापली की शोधाशोध करायला सवड नसते. आच मोठी ठेवा. मांस परतून नीट शिजलं की काढा, मग बाकीचं परता आणि मांस पुन्हा आत घाला. मीठ चाखूनच घाला, सॉस खारट असतो. मिठाची बरणी चहाच्या डब्यामागे आहे.

हे लिहिताना दोनदा उठले. तुमच्या पत्राच्या कडेला आई नेहमी काहीतरी खरडते. यावेळी कडा कोरी. ती झोपलीय म्हणता. मागच्या पत्रातही झोपलीच होती.

आणि शेवटी लिहिलंत, "प्रमाण एकापुरतंच कळव."

बाबा, पाव किलो दोघांना पुरतं. एकापुरतं मी कळवणार नाही. आई कुठे आहे, ते आधी सांगा.

तुमची आणि तिचीही,
भिंगरी