हात वर केलेला माणूस

प्रिय धाकटे,

तुझा लेक अजून माझ्याकडेच आहे. जेवतो, पण ताटाकडे न बघता. कुठलंच दार बंद करू देत नाही, न्हाणीघराचंसुद्धा. मी त्याला एकदाही रागावले नाही, यावरून काय ते ओळख.

माझं काम तुला ठाऊक आहे. तुकडीची जबाबदारी नव्याने अंगावर पडलेल्या पोरांना मी युद्धाचे कायदे शिकवते. नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून एकाला हात वर करून भिंतीशी उभं करते. बाकीच्यांना सांगते, हा शरण आलाय, तुम्हाला घाईने पुढे जायचंय, वरून हुकूम आहे की कैदी नकोत, बोला. पोरं आधी खिदळतात. भिंतीशी उभ्या असलेल्याचे हात भरून येऊन खाली यायला लागले की एकेक जण उत्तर द्यायला लागतो. तुझा लेक वर्गात होता तेव्हा मला कटाक्षाने मॅडम म्हणायचा. त्याने विचारलं होतं, हुकूम आपला नसेल, आपण नुसता पुढे पोचवला असेल, तर? मी म्हणाले, पोचवणाराही देणाराच.

परवा त्याने सगळं सांगितलं. वायरलेसवर हुकूम आला, कैदी नकोत, त्याने तो मागच्या दोन जवानांना जसाच्या तसा सांगितला आणि चालू लागला. गोळीचा आवाज आला तेव्हा वळून पाहिलं नाही. शरण आलेला माणूस वयस्कर होता. त्याचा एक हात नीट वर जात नव्हता, खांदा आखडला असावा. एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो. तेव्हापासून मला वर्गात कुणाला भिंतीशी उभं करवत नाही. पोरं वाट बघतात, मी कोरा फळा पुसत राहते.

तू फोनवर म्हणालीस, ताई, त्या तासाला तो आजारी होता एवढंच म्हण. कायदा माहीत नव्हता म्हटल्यावर शिक्षा कमी होईल. तू रडत नव्हतीस, म्हणून मला सरळ नाही म्हणवेना. उद्या चौकशीत मला तेवढंच विचारणार आहेत. तो हजर होता, आणि त्याला नीट समजलं होतं, असं मी सांगणार आहे. त्याला तुझं म्हणणं सांगितलं, तर म्हणाला, मावशी, तूही फिरलीस तर मी कुणाकडे बघू? हे तुला परक्या तोंडून कळू नये म्हणून लिहिलं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्याला भेटायला मात्र ये.

तुझीच, आणि अजूनही,
ताई