अल्लीपूरची शेवटची चढाई

गुरुजी,

देवळीच्या शाळेमागच्या मैदानात तुम्ही आम्हाला हुतूतू शिकवायचात ते पहाटे, बघायला कुणी नसताना. "दम पोटात ठेव, गळ्यात आनू नोको. पंचाले आयकू गेलं म्हनजे झालं," एवढंच तुमचं सांगणं. मी ते इतकं पाळायचो की आई म्हणे, हा खेळतो का नुसता पुटपुटतो.

अल्लीपूरचा सामना मात्र भर दुपारी, सगळं गाव रेषेला येऊन टेकलेलं. या वर्षी हरलो तर संघ बंद, असं हेडमास्तरांनी तुम्हाला बजावलं होतं, आणि ते आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. बरोबरी झाली, शेवटची चढाई माझ्याकडे आली. मी मध्यरेषेपाशी वाकून तळहाताला माती चोळतोय आणि तुम्ही जवळ येता. ओठ सुकलेले. "पोरा, आता सारं तुयावरच हाय."

असलं काही तुम्ही आधी कधी बोलला नव्हता. मी पलीकडे गेलो. गावाच्या आरडाओरड्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून तो चढवत गेलो. एक गडी हातभर अंतरावर होता, आणि ओरडून ओरडून दम तिथेच सुटला. संघ बंद झाला. पुढे निवृत्त होईपर्यंत तुम्ही नुसता भूगोल शिकवलात. त्या दिवशी परतीच्या बैलगाडीत तुम्ही मला आपल्या शेजारी बसवून घेतलंत. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

पुढे मीही व्यायामशिक्षक झालो. माझा दम तुमच्या त्या एका वाक्यानं घालवला, हे माझं ठाम मत. त्यामुळे बरोबरीच्या सामन्यात मी तोंड मिटून बसायचो, आणि मुलं म्हणायची, सर भारी निवांत आहेत.

परवा मुलींचा कबड्डीचा सामना असाच अडकला आणि शेवटच्या चढाईला निघालेल्या मुलीपुढे माझ्या तोंडून तेच निघून गेलं. ती म्हणाली, "मले मालूम हाय न सर. तुमी बसा न." गेली, दोघींना शिवून परत आली. मैत्रिणींनी तिला उचलून घेतलं, मीही टाळ्या वाजवल्या.

इतकी वर्षं तुमच्यावर राग धरून होतो, आता तो कुणावर धरू? हे काही पोस्टात टाकायचं नाही, म्हणून लिहितो. ती जिंकली तेव्हा मला थोडं वाईट वाटलं.