तिसरी चकती

बाबा, तुमच्या रेसिंग सायकलच्या चकतीला मी परवा पाच भोकं पाडली. आधीच सांगून टाकतो, मग काय बोलायचं ते बोला.

माझे गुडघे ऐकेनात. सेमिनरी हिल्सचा चढ आला की आतून चक्कीसारखी करकर. तुमची सून म्हणते, "तिले टांगून ठेवा भिंतीले, नाही तं एक दिवस तुम्हालेच उचलून आनाव लागन." टांगवेना. मग डोकं चालवलं. पायडलपाशी दोन दातेरी चकत्या आहेत; त्यांच्या आत आणखी एक लहानगी बसवली की चढावर पाय हलका पडतो. नव्या सायकलींना ती असते, तुमच्या या जुन्या विलायती क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, ती सोयच नाही. म्हणून आतल्या चकतीलाच भोकं पाडून, वॉशर घालून लहानगी तिच्यावर कसायची. आणि ती फ्रेमला घासू नये म्हणून दोन दांड्यांमधला एक्सल लांब टाकायचा. हे शेवटचं मला फ्रेमचा रंग खरवडल्यावर कळलं. बिनगुरूची विद्या अशीच, आधी चटका मग अक्कल.

सक्करदऱ्याच्या लेथवाल्याने चकती उलटीपालटी करून पाहिली. "काका, भोक तिरपं गेलं तं चकती गेली. दुसरी इतवारीत काय, कुठीच भेटनार नाही. पाडू काय?"

त्याच्या हातातली चकती पाहता पाहता मी मागे गेलो. मी सोळा वर्षांचा आहे, चढावर धापा टाकतो आहे, हलकी चकती लावून मागतो आहे, आणि तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणता, "काहून गा, पाय नाही काय तुले? चढ सायकल नाही चढत, मानूस चढते."

"पाड गा," मी लेथवाल्याला म्हणालो.

काल चढलो, बाबा. सीटवर बसूनच, कुठेही न उतरता. पण वळणावर आपण दोघं सायकलींवर निघालो तो शेवटचा रविवार आठवला. तिथे तुम्ही उतरलात, म्हणालात, "चेन उतरली. तू हो पुढं." मी मागे वळून पाहिलं. चेन जागेवर होती आणि तुमचा हात गुडघ्यावर.

मी तसाच पुढे निघालो. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून निघालो, असं आजवर घरात सांगत आलो. तसं नव्हतं. तुमच्या आधी वर पोचायला मिळतंय, याचा मला आनंद झाला होता.